निधी तगला पाहिजे : नव्या कामगारासाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन. लातूर, बीड, वाशीम किंवा आणखी कुठून तरी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येऊन तुम्ही पहाटे चाकणच्या तळेगाव चौकात उतरलात, खराबवाडीत कॉट बेसिसवर जागा मिळवलीत, ठेकेदाराच्या ऑफिसात आधार कार्डाच्या झेरॉक्सवर सही ठोकलीत आणि त्या सहीसरशी देशाच्या पेन्शन निधीची जबाबदारी तुमच्या खांद्यावर आली. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. सुपरवायझरने बूट, गेटपास आणि शिफ्टची वेळ एवढंच सांगितलं असणार. उरलेलं सांगण्यासाठी ही मार्गदर्शिका आहे.

निधीचं नाव कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती चालू आहे आणि तिच्या लाभार्थ्यांना सगळे ‘ईपीएस पंच्याण्णववाले’ म्हणतात. हा निधी पुढच्या पिढ्यांसाठी शाबूत राहावा, याबद्दल दिल्लीपासून गल्लीपर्यंत एकमत आहे. तो कसा राखायचा याचे जगन्मान्य उपाय चारच : वर्गणी वाढवा, निवृत्तीचं वय वाढवा, पेन्शन कमी करा, नाहीतर सरकारने पदरचे घाला. यातला प्रत्येक उपाय कुणाला ना कुणाला झोंबतो. फ्रान्सने २०२३ साली निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ वर नेलं तर पॅरिस पेटलं. आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात मात्र एक पाचवी रीत रुळली आहे. तिला कायदा बदलावा लागत नाही, मोर्चा निघत नाही, कुणाचं मतही जात नाही. लागता ते फक्त तुम्ही.

आधी पगारपत्रक उघडा

तुमच्या पगारातून १२ टक्के कापले जातात, ते सगळे तुमच्या पीएफमध्ये जातात. कंपनीही १२ टक्के घालते. पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन निधीत जातात आणि ३.६७ टक्के पीएफमध्ये. ही पेन्शनची टक्केवारी जास्तीत जास्त १५,००० रुपयांवर मोजतात. म्हणून १५ हजारांवर लागलेल्याचा पगार पुढे ४५ हजार झाला तरी पेन्शनच्या रकान्यात महिन्याला १,२५० रुपयेच दिसतात. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये आली. त्याआधी २००१ पासून ती ६,५०० होती आणि सुरुवातीला ५,०००.

ठेकेदार हुशार असेल तर तेवढेही दिसत नाहीत. बेसिक ९,००० दाखवायचं, बाकीचे भत्ते लावायचे, की पेन्शनचे १,२५० चे ७५० होतात. सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते बेसिकमध्येच धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बजावलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी भत्त्यांना ५० टक्क्यांची वेसण घातली आहे. पगारपत्रकावर हे उतरायला मात्र वेळ लागतो. तोवर निधीला ५०० रुपये कमी मिळतात आणि तुमची पेन्शनही त्याच प्रमाणात आखडते. म्हणजे हिशेब जुळला.

सरकारही वाटा उचलतं. पगाराच्या १.१६ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १७४ रुपये. १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना आली तेव्हाही सरकारचा वाटा साधारण एवढाच होता. त्या वेळी पिंपरी-चिंचवडची नगरपालिका जेमतेम वर्षाची होती, चाकणला कांदा-बटाट्याचा बाजार होता आणि गाड्यांचे कारखाने यायला तीन दशकं होती. या परिसरात तेव्हापासून न बदललेली गोष्ट शोधायची तर हा आकडा घ्यावा.

आता पेन्शनचं सूत्र पाठ करा : पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार १५,००० आणि नोकरी ३५ वर्षं, तर ७,५०० रुपये. दहाच वर्षं असतील तर २,१४३. दहा वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शन नाही.

यावर पेनानेच एक हिशेब करून बघा. ३५ वर्षं दरमहा १,२५० रुपये, ८ टक्के व्याज धरलं तर २५ लाखांच्या वर जातात. नुसतं त्यांचं व्याज महिन्याला १६ हजारांहून जास्त येईल. तुम्हाला मिळणार ७,५००. उरलेलं जातं कुठे? कुणाच्या खिशात नाही. ही भिशी आहे, पण जो आधी अडचणीत आला त्याला आधी देणारी. मशिनवर हात गेलेल्याला, तिशीत नवरा गेलेल्या बाईला, तिच्या दोन मुलांना पंचविशीपर्यंत या पैशातून मिळतं. जुन्या काळी कमी वर्गणी भरलेल्यांचा भारही यावरच आहे. हे योग्यच आहे, असं माझं मत आहे. एवढं मान्य करून मग पुढच्या पायऱ्या वाचा.

पहिली पायरी : निधीत येऊच नका

भोसरी ते महाळुंगे, कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या लाइनवर एकाच मशिनवर तीन जातीची माणसं दिसतील : परमनंट, ठेक्यावरची आणि ट्रेनी. काम एकच, टोपीचा रंग वेगळा. १९६१ च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ लागू नाही, कारण तो शिकतो आहे. २०१३ साली ‘नीम’ नावाची योजना आली. तिच्यातल्या मुलांना पगार नव्हे, विद्यावेतन. तेव्हा पीएफही नाही. नीमचं नाव पुढे मागे पडलं, दुसरी नावं आली. एकच बोल्ट एकाच गनने दिवसाला हजारदा आवळायला शिकण्यात किती वर्षं जावीत, यावर अभ्यासक्रमात काही लिहिलेलं नसतं.

चाणाक्ष वाचक इथे हात वर करील : वर्गणीदारच आला नाही तर निधी तगेल कसा? शंका बरोबर आहे, आणि या सगळ्या प्रकरणातली हीच शंका महत्त्वाची आहे. पेन्शन निधीला म्हाताऱ्यांचं ओझं होतं असं सारखं सांगतात. पण निधीला खरा अशक्तपणा येतो तो विशीतली माणसं वहीत न चढल्याने. चाकणसारखा तरुण पट्टा देशात क्वचितच सापडेल. इथल्या विशी-बाविशीच्या पोरांचे १,२५० रुपये जवळजवळ चाळीस वर्षं निधीत राहून वाढू शकतात. तेच आपण विद्यावेतनाच्या दाराने बाहेर ठेवतो आणि मग दिल्लीत बसून निधीच्या तब्येतीची काळजी करतो. असो. ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. धोरणात शिरायचं काम नाही.

दुसरी पायरी : दहा वर्षं भरू देऊ नका

ही सगळ्यात परिणामकारक पायरी. तुम्हाला स्वतःहून काही करावं लागत नाही.

ठेकेदार अकरा महिन्यांनी ‘ब्रेक’ देतो. पुन्हा घेतो तेव्हा फर्मचं नाव वेगळं असतं. कधी भावाची, कधी मेव्हण्याची. नवीन फॉर्म भरताना मागचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, सांगायचं राहतं, कारण तो जुन्या सिममध्ये होता. मग दुसरा यूएएन निघतो. जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नसते, म्हणून पैसे नव्या खात्यात येत नाहीत. तीन वर्षांत तुमची तीन खाती होतात आणि प्रत्येकात पेन्शनची आठ-दहा महिन्यांची सेवा एकमेकींना न ओळखता पडून राहते.

मग दिवाळी येते. बहिणीचं लग्न ठरतं, किंवा बोअर मारायची असते. खराबवाडीच्या गल्लीत मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानावर ‘पीएफ काढून मिळेल’ असा फ्लेक्स असतो. आत एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसलेला. तो ओटीपी विचारतो, एकोणीस नंबरचा फॉर्म भरतो आणि तसाच हात चालवत दहा-सी पण भरून टाकतो. ‘पेन्शनचे पण काढून देतो भाऊ, नाहीतर अडकतात.’ तुम्ही म्हणता, काढ. त्या एका क्लिकने तुमची सेवा शून्यावर येते.

निधीच्या बाजूने पाहा, सौदा काय झाला. समजा नऊ वर्षं तुमच्या नावाने १,२५० रुपये आले, म्हणजे १ लाख ३५ हजार. दहा वर्षांच्या आत काढले तर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे जी रक्कम मिळते ती या मुद्दलापेक्षा फार मोठी नसते. नऊ वर्षांचं व्याज आणि सरकारचे दरमहाचे १७४ रुपये निधीतच राहिले. वर म्हातारपणी तुम्हाला द्यायची जबाबदारीही सुटली. असे लाखो जण सोडून गेले की निधीला जो आधार मिळतो तो कुठल्या अर्थमंत्र्याने दिला नसता. जगातले तज्ज्ञ निवृत्तीचं वय वाढवायला धडपडतात; आपण निवृत्ती हीच अडचण दूर केली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी सुटल्यावर पेन्शनचे पैसे काढायला दोन नव्हे, छत्तीस महिने थांबावं लागेल. सेवा तुटू नये हा हेतू. लेबर कॅम्पवर त्यावर बरीच बोंबाबोंब झाली : आमचे पैसे अडकवले. राग खोटा नाही. ज्याचा ठेकेदार दर वर्षी बदलतो त्याला छत्तीस महिने म्हणजे दुसरा जन्म. पण छत्तीस महिन्यांत दुसरी नोकरी लागली आणि जुनी सेवा तिला जोडली गेली, तर पहिल्यांदाच काहीतरी साठायला लागेल. अट एवढीच की ठेकेदाराने पहिल्या दिवसापासून तुमचं नाव चढवलेलं असावं.

तिसरी पायरी : स्पेलिंगकडे लक्ष देऊ नका

आधारवर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, पीएफमध्ये १ जून. वडिलांच्या जागी आजोबा. बाईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. ही चूक आज दुरुस्त केली तर एका जॉइंट डिक्लेरेशनमध्ये भागतं. वयाच्या ५८ व्या वर्षी करायला गेलात तर कंपनीच उरलेली नसते. पुढे जा.

चौथी पायरी : महागाईला तिचं काम करू द्या

ईपीएस पंच्याण्णवची पेन्शन महागाई भत्त्याशी जोडलेली नाही. पहिल्या महिन्याला जो आकडा बँकेत आला तोच शेवटच्या महिन्याला येतो. यापेक्षा निष्ठावान कर्मचारी निधीला मिळणार नाही : महागाई दर वर्षी पेन्शन थोडी थोडी कुरतडते, सुट्टी घेत नाही आणि तिला पगारही लागत नाही.

निगडीच्या यमुनानगरात किंवा चिंचवडच्या संभाजीनगरात सकाळी बागेत बसणाऱ्यांत चौकशी करा. १९८० साली पिंपरी-आकुर्डीच्या एखाद्या मोठ्या कंपनीत लागलेला आणि २०१२ साली ५८ व्या वर्षी निवृत्त झालेला गृहस्थ घ्या. बत्तीस वर्षं परमनंट, युनियनमध्ये, चांगल्या पगारावर. ग्रॅच्युइटीतून फ्लॅटचं कर्ज फिटलं, मुलगा आयटीत गेला. त्याची पेन्शन? नोव्हेंबर १९९५ नंतरच्या १७ वर्षांसाठी ६,५०० गुणिले १७ भागिले ७०, म्हणजे १,५७९ रुपये. १९९५ च्या आधीच्या सेवेसाठी योजनेने ८० ते १७० रुपयांचे टप्पे ठरवले होते. त्याला एका गुणकाने गुणून आणखी काहीशे. सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास. २०१२ साली दोन हजार, आजही दोन हजार. तो हे हसून सांगतो, कारण त्याचं घर त्यावर चालत नाही. त्याच्याच लाइनीत ठेक्यावर असलेल्याची पेन्शन विचारा. तो बागेत भेटत नाही, कुठल्या तरी सोसायटीच्या गेटवर बारा तासांच्या वॉचमनच्या ड्यूटीवर भेटतो.

किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये झाली. त्याच्या आदल्या वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीने ३,००० रुपयांची शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. पुढे तेच आपले राज्यपाल म्हणून येऊन, बरंच काही बोलून गेलेसुद्धा. तीन हजार काही आले नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये बुलडाण्यात अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने साखळी उपोषण मांडलं. मागणी : किमान ७,५०० आणि महागाई भत्ता. आता हा आकडा वर आलेल्या सूत्राशी ताडून पाहा. १५ हजारांवर पूर्ण ३५ वर्षं भरणाऱ्याची पेन्शनही ७,५००, आणि ती मर्यादा २०१४ साली आल्यामुळे तिथवर पोचायला २०४९ उजाडेल. म्हणजे म्हातारे जे किमान मागतात ते योजनेच्या हिशेबात जवळजवळ कमाल आहे. मागणी अवाजवी नाही. योजनेची उंचीच बुटकी आहे.

शेजारच्या इमारतीत काय चाललंय तेही सांगतो, कारण चौकशा होतात. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर होते. पुढे केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली, राज्यानेही स्वीकारली. तिच्यात दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये आणि वर महागाई वाढ. दहा वर्षं वेल्डिंग केलेल्याला २,१४३, महागाई वाढ नाही. दोघांचा बाजार एकच असतो, चाकणचा.

पाचवी पायरी : जिवंत असल्याचं सिद्ध करा

पेन्शन चालू राहण्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन सही करायचे. नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आलं : यंत्रावर बोट ठेवा, मशिन ओळखेल.

प्रेस शॉपमध्ये पंचवीस वर्षं पत्रा हाताळलेल्या माणसाचं बोट जवळून पाहिलंय का? ठशाच्या रेषा घासून सपाट झालेल्या असतात. त्यावर ग्रीसने काळ्या पडलेल्या, कधी न जाणाऱ्या बारीक भेगा. सुविधा केंद्रातली मुलगी बोट ओल्या कपड्याने पुसते, पुन्हा ठेवायला लावते, अंगठा, मग मधलं, मग डावा हात. डाव्या हाताला तर्जनीचं एक पेर नाही. पॉवर प्रेसला गेलं, ८९ साली. यंत्र लाल दिवा दाखवतं. माणूस समोर उभा आहे, घाम पुसतो आहे, पण ज्या कामाने त्याला पेन्शन मिळवून दिली त्याच कामाने त्याची ओळख पुसली आहे. आता चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय झाली आहे. मोबाइल चांगला असेल आणि नातू घरी असेल तर ती चालते.

पेन्शनसाठी जगून दाखवायची अट जुनीच आहे. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कने १८८९ साली कामगारांसाठी वृद्धापकाळ पेन्शन आणली तेव्हा पात्रतेचं वय ७० ठेवलं होतं. तितकं जगणारे कामगार तेव्हा थोडे. स्वतः बिस्मार्क ७४ वर्षांचा होता, पण तो प्रेस शॉपमध्ये नव्हता.

सहावी पायरी जास्त पगारावर जास्त पेन्शन मागणाऱ्यांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचा काही मार्ग मोकळा केला, पण पेन्शनचा पगार शेवटच्या १२ ऐवजी ६० महिन्यांच्या सरासरीने धरण्याचा २०१४ चा बदल कायम ठेवला. तुम्ही कॉट बेसिसवर राहता. ही पायरी वगळली तरी चालेल.

सक्त मनाई

पुढील गोष्टी केल्यास तुम्ही पेन्शनर होण्याचा धोका संभवतो. त्याचा भार निधीवर पडेल. पण खरं सांगायचं तर असा भार उचलण्यासाठीच निधी काढला आहे. तो वर्गणीदार गाळून नव्हे, वाढवून राखायचा असतो. २०१४ ची मर्यादा उचलून, सरकारचा १९७१ चा वाटा हलवून आणि ट्रेनीला वहीत घेऊन. ते दिल्लीच्या हातात आहे. तुमच्या हातात आहे ते असं :

ठेकेदार बदलला की नवा यूएएन काढू देऊ नका, जुनाच द्या. मोबाइल नंबर बदलला तर आधी तो यूएएनला जोडा. महिन्यातून एकदा पासबुक उघडा आणि तिसरा, पेन्शनचा रकाना बघा; तुमचं बेसिक १५ हजार किंवा जास्त असून १,२५० दिसत नसतील तर एचआरला लेखी विचारा. जुन्या नोकरीची सोडल्याची तारीख चढली आहे का पाहा आणि खाती एकत्र करून घ्या. नॉमिनी भरा, बायकोचं नाव आधारवर आहे तसंच. लग्नासाठी पीएफचे पैसे काढावे लागले तर काढा, पण त्या दुकानातल्या पोराला सांगा, दहा-सीला हात लावू नको. काम सोडून गावी जायची वेळ आलीच तर त्याच दहा-सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. ते घ्या, लॅमिनेशन करून आईच्या ट्रंकेत ठेवा. दोन, पाच, दहा वर्षांनी पुन्हा नोकरी लागली तर मागची सेवा त्यावरून जोडली जाते.

आणि सहा महिने किंवा जास्त झाले की योजनेत पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊ वर्षं भरली की दहा. तेवढी भरा.